प्रश्न तिसरा, गुण वीस

बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसतेय.
वैद्यकीय नीती, कायदा आणि मानव्यविद्या,
पदव्युत्तर पदविका; महिन्यातून एक शनिवार
रत्नागिरीला वर्ग. शेजारी वकील मुकादम,
ज्यांना कुठल्याही वाक्यातलं ‘परंतु’ आधी दिसतं.
मागच्या बाकावर मराठीच्या निवृत्त ठाकूरदेसाईबाई,
केसपेपर वाचून म्हणतात,
‘यात पेशंट कर्ता कधीच नसतो. बघा तुम्ही.’

मी बघितलं.
दाखल केले. भूल दिली. काढून टाकण्यात आले.
पंचवीस वर्षांचं माझं मराठी.

प्रश्न तिसरा, गुण वीस:
संमती वैध केव्हा ठरते? स्वानुभवातील उदाहरण द्या.

वेंगुर्ल्यात रात्री अकराला लाईट गेलेली.
मोबाईलच्या उजेडात लिहितेय:
माहिती. आकलन. क्षमता. स्वेच्छा.
चारही शब्द पाठ आहेत,
आणि चारही शब्दांच्या मागे
काजूच्या कारखान्यातली द्रौपदी मोचेमाडकर
खुर्चीच्या कडेवर बसून आहे,
पदराखाली हात लपवून.

एकोणीस वर्षांपूर्वीचा एप्रिल, कारखान्याचा हंगाम भरात.
गर्भाशय काढायचं होतं. मुलगा म्हणाला, काढा.
नवरा फोनवरून म्हणाला, काढा.
जाऊ म्हणाली, आता त्याचं काम तरी काय.
मी फॉर्म पुढे सरकवला. सिस्टरनी शाई लावली.
कागदावर उठला नुसता काळा डाग,
रेषा नाही, भोवरा नाही.
दुसरा फॉर्म. पुन्हा डाग.
ती हसली, ‘चिकान खाल्ल्यान गो बाय माझो अंगठो.
आता खयसून उठतलो?’

शेवटी मुलानं सही केली.
मी म्हटलं, चालेल.
ऑपरेशन उत्तम झालं.

मुकादम म्हणतात, पुसट असला तरी ठसा तो ठसाच,
साक्षीदार होते, काळजी नको.
परंतु, म्हणतात,
आणि चष्मा पुसायला घेतात.

काल रविवार. उभादांड्याला तिच्या घरी गेले.
खळ्यात काजूच्या बिया उलथत होती.
माझ्या वहीत प्रश्न होते, क्रमांक घालून.
एकच विचारला, तोही धड नाही:
तेव्हा तुमची स्वतःची इच्छा...

ती बियाच उलथत राहिली.
मग म्हणाली, ‘एकोणीस वर्सांनी इचारूक इलंस?
तुझो पेपर असतलो.’

पेपरच होता. खोटं बोलले नाही.

‘माका नको होता असा नाय. दुखताच होता.
पण माजा काडतत, ता माका एकदा तरी दाखवतले
असा वाटलेला.
झिलाक दाखवलंस. बशयेत घालून.’

दाखवतो आम्ही नातेवाइकांना. पद्धत आहे.
पद्धत आहे, एवढंच सुचलं मला
तिच्या खळ्यात उभं राहून,
आणि तेही मी बोलले नाही.

मग ती आत गेली आणि आतूनच ओरडली,
‘चायेत साखर घालू काय नको?
तुका डायबेटीस असा, आयकलंय.’
मी म्हटलं, घाला.
तिनं पुन्हा विचारलं, ‘नक्की मां?’

शब्दमर्यादा तीनशे.
लिहिलं: द्रौपदी मोचेमाडकर यांनी
आणि क्रियापदापाशी पेन अडलं.
ठाकूरदेसाईबाईंना फोन करायला
फार रात्र झालीय.