उरलेलं आज नको की

दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या टपरीवर
पहिल्याच चहाला मी तिला सगळं सांगून टाकलं.
बाबांचा फोक. धारवाडचं हॉस्टेल.
विभावरीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका
कुरिअरनं धाडली, तो मंगळवार.
गोळ्या किती होत्या, दार कुणी फोडलं.
चहावर साय धरली.
गेट पडलं, मालगाडी गेली, गेट उघडलं,
मी थांबलेच नाही.

मला वाटायचं, खरेपणा तो हाच:
पोतं उपडं करायचं समोरचीपुढं
आणि म्हणायचं, जायचं तर आत्ताच जा.

दानेश्वरी गेली नाही.
कपाची कड अंगठ्यानं पुसत म्हणाली,
"मराठी मला सावकाश येतं.
अर्धंच कळलं.
उरलेलं आज नको की."

घरी येऊन रडले.
भर खडेबाजारात उघडं उभं राहावं
आणि बघणारीनं म्हणावं, चष्मा घरी राहिला, तसं.
तीन दिवस फोन उचलला नाही.
चौथ्या दिवशी तिचा मेसेज: जेवलीस काय?
एवढ्याचं उत्तर देता येत होतं.
दिलं. वांग्याची भाजी, म्हटलं. खारट झालेली.

मग रविवार, किल्ल्याच्या तळ्याला फेरी.
ती बदकं मोजायची,
मी तिच्या चुका: तो खुर्ची, ती दार.
मला कानडी येते, बसपुरती, बाजारापुरती.
बेकु. बेडा. हवं. नको.
पण हे शब्द कांद्याबटाट्याखेरीज
स्वतःबद्दलही वापरता येतात,
ते वडगावच्या बोळात कळलं, लाईट गेल्यावर.
हात धरू? तिनं विचारलं.
मी आधी थांबले. खरंच थांबले.
मग म्हटलं, बेकु.

ती स्वतःचं फार सांगत नाही.
एकदा पावट्याच्या शेंगा सोलता सोलता
अण्णाबद्दल दोन वाक्यं बोलली, भराभर, कानडीतून.
माझ्या जिभेवर दहा प्रश्न आले.
मी शेंगा सोलत राहिले.

आणि परवा, सात महिन्यांनी,
माग बंद पडल्यावरच्या त्या शांततेत
तिनं अचानक विचारलं,
"फोक म्हणजे काय?"

एवढे दिवस तो शब्द तिनं सांभाळून ठेवला होता,
अर्थ माहीत नसताना.

मी तिला मागच्या कुंपणाशी नेलं,
निरगुडीची लवचिक फांदी दाखवली.
तिनं तिला हात लावला नाही.
बराच वेळ नुसती बघत राहिली.
"अजून आहे?"
"आहे. आज एवढंच."

मग आम्ही मांडे आणायला गेलो.
परत येताना पुडा तिच्या मांडीवर,
आणि गाडी मी हळू चालवली,
प्रत्येक खड्ड्याला.