टायरमधली हवा

बिदियाच्या शेवटच्या पंपामागे डांबर संपतं
आणि मुकादम उकिडवा बसतो.
वाळूवर तळवा टेकवतो,
कुणाचा ताप बघावा तसा.
बराच वेळ.
मग म्हणतो, "आज पाचवर आणा."
आम्ही आपापल्या क्वाडच्या टायरांतली हवा सोडतो.
फुस्स… फुस्स…
गुरुवारपर्यंतचं ऑफिसही थोडं निघून जातं त्यातनं.

नववा जानेवारी हा.
वाट तीच, असं आम्ही मस्कतहून निघताना म्हणतो,
आणि इथे आल्यावर गप्प बसतो.
गेल्या खेपेला जिच्या आडोशाला चहा उकळला
ती टेकडी यंदा सरकून
घाफचं झाड कमरेपर्यंत गिळून बसलीय.
मोबाइलवरची जुनी निळी रेघ बघून हमूद हसतो :
"हिला सांगा, वारा तुमच्या आधी येऊन गेला."

एका हिवाळ्यात तीन दिवस पाऊस झाला होता.
वाळू भिजल्या साखरेसारखी घट्ट,
वर पापुद्रा, चाकाखाली कुरकुरणारा.
त्या वर्षी आम्ही उडालो नुसते.
उतारावर बोटभर हिरवं उगवलेलं,
ते चुकवत हेमांगी अशी वळणं घेत होती
की मागून बघताना वाटावं, रांगोळी काढतेय.

आणि एका वर्षी थंडी आलीच नाही.
स्वेटर गाडीतच राहिले.
वाळू कोरड्या रव्यासारखी, मुठीत न थांबणारी.
अकरा वेळा रुतलो. फावडं घरी विसरलेलं.
तुस्कानोनं मागून परात काढली,
आईची, काठावर नाव कोरलेली,
"फिलोमिना, १९८८",
आणि तिच्यानं वाळू उपसली दुपारभर.
संध्याकाळी त्याच परातीत कणीक मळली.
पोळ्या कचकचत होत्या.
कुणी काही बोललं नाही, सगळ्या संपल्या.

धुक्याच्या वर्षाचं मी सहसा सांगत नाही.
समुद्राकडून आलं ते, पहाटे, आवाज न करता,
आणि पुढचा लाल दिवा पुसून टाकला.
मी थांबले. उतार वर जातोय की खाली,
हेही कळेना.
मग मुकादम ओरडला : "इंजिनं बंद!"
एकेक करत सगळी बंद झाली,
आणि त्या पांढऱ्यात आम्ही नावं घेऊ लागलो.
हजेरी घ्यावी तशी, शाळेत.
माझं नाव आलं तेव्हा
"हजर" म्हणायला मला दोनदा तोंड उघडावं लागलं.

तुस्कानो आता मॅनिटोबात असतो.
काल त्यानं व्हिडिओ धाडला : गोठलेलं रान,
चाकाऐवजी पट्ट्यावर धावणारी गाडी,
हेल्मेटमध्ये दाढीला बर्फ.
फोनवर म्हणाला, "इथंही तेच रे.
यंदा तळं उशिरा गोठलं, काठाकाठानंच फिरलो.
वरनं पक्कं दिसतं, आत काय, कुणाला ठाऊक."
मुकादमनं विचारलं, "हात लावून बघितलास?"
"हातमोजा काढावा लागतो."
"मग काढ की."
पलीकडे काही क्षण नुसता वारा.

चौथ्या क्वाडवर आज हमूदचा पुतण्या, यझन.
सतरा वर्षांचा, आणि वाळू त्याच्या बापजाद्यांची.
"पाचवर आण," मुकादम म्हणाला.
यझन हसला, खालचा ओठ पुढे काढून.
हवा तशीच ठेवून सुसाट सुटला,
आणि पहिल्याच चढावर, बरोब्बर मध्यावर,
मागची दोन्ही चाकं आसापर्यंत आत.

हमूदनं आकाशाकडे बघितलं.
हेमांगीनं हेल्मेट काढलं, हसू आवरेना तिला.
तेवीस किलोंत बसली नाही म्हणून
तुस्कानोनं मागे ठेवलेली ती
मी गाडीतून काढली, चढ चढून गेले
आणि पोराच्या हातात दिली.
त्यानं उलटीपालटी केली,
काठावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.
"हे काय लिहिलंय?"

"आधी उपस," मी म्हटलं. "मग सांगते."