पहिली शिटी

साडेसातला लॅब उघडते तेव्हा सहदेव कोयंडे पायरीवर असतो.
पिशवीत लेकीची बाटली.
बाटलीवर हेमांगीचं स्वतःचं अक्षर, वेळ,
आणि वर दोन बोटं फेस.

साध्या लघवीचा फेस चहा निवायच्या आत बसतो.
हा बसत नाही.
उधाण ओसरल्यावर वाळूत राहतो तसा,
वाऱ्याने थरथरतो, मोडत नाही.

चोवीस तासांत साडेतीन ग्रॅम प्रथिन.
जामसंड्याच्या या दोन खोल्यांत मी नुसते आकडे लिहिते,
अर्थ बांबोळीचे डॉक्टर सांगतात.
पण कोल्हापूरहून आलेला कागद मलाही वाचता येतो:
सी-थ्री कमी, सी-फोर त्याहून कमी.
गडावरची शिबंदी घटली
तर ती पळालीच असेल असं कशाला धरायचं?
कुठेतरी लढते आहे, खर्ची पडते आहे.
मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक गुंतवळांत,
जिथे रक्त गाळलं जातं, तिथे.
समोर शत्रू नाही.

मागे एका भाद्रपदात
मोबाइलवर निरोप फिरत होता, किनाऱ्यावर टोळी उतरली म्हणून.
पाहिली कोणीच नव्हती.
रात्री दोनला कुठूनशी शिटी वाजली.
एकीला दुसरीने उत्तर दिलं, दुसरीला दहांनी,
आणि वाडीतले पोरगे वल्ही, कोयते, हाताला लागेल ते घेऊन
खाडीकडे धावले.
बांधावर बत्ती दिसली.
बत्तीखाली हाच सहदेव,
भरतीची वेळ बघून उघाडीची फळी पाडायला गेलेला.
त्याचा बापही जायचा.
त्याने नाव सांगितलं. आईचं नाव सांगितलं.
एवढ्या शिट्यांत ते कोणाच्या कानी पडणार!

पाय मोडला, फळी वरच राहिली.
उजाडलं तेव्हा पोटरीला आलेल्या भातात
खारं पाणी गुडघाभर.
ज्यांनी मारलं त्यांनीच त्याला झोळीत घालून
देवगडच्या दवाखान्यात नेलं, वाटेत रडत.

हेमांगीने हे माझ्याआधी जुळवलं.
"ताई, माझ्या आत पण बाबांसारखंच झालंय ना?"
हो गं बाई.
इंटरफेरॉन म्हणजे विषाणू दिसला की पेशीने मारायची शिटी.
तुझ्या पेशींनी तुझ्याच मेल्या पेशींचा केर पाहिला
आणि फुंकली.
आता एक ऐकून दुसरी फुंकते आहे.
सुकटीच्या ओट्यावर तासभर ऊन लागलं
तरी आत हाकाटी उठते,
म्हणून तू छत्री घेऊन बांगडे वाळवतेस
आणि बायका हसतात.

बांबोळीत नवं इंजेक्शन सांगितलंय.
शिट्या त्याने थांबत नाहीत,
ऐकणाऱ्यांच्या कानात बोळा बसतो.
मी हे सहदेवला सांगितलं तेव्हा
तो बाकावर पाय लांब करून बसला होता.
बराच वेळ त्याने फेसाकडे पाहिलं.
"आणि खरोच चोर इलो तर?"

ताप आला तर त्याच दिवशी आणा म्हणालेत, मी म्हटलं.
"म्हणजे कोणीतरी जागो रवाक होयो."
मान डोलावली त्याने, जणू कामाची पाळी लागली.
मग उठता उठता, सहज:
"पयली शिटी कोणी मारल्यान, कळलाच नाय कधी."

डॉक्टरांनाही कळलेलं नाही, मी म्हणाले.
एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी सतरा वर्षांची होते.
उशाशी शाळेच्या क्रीडादिनाची शिटी, लाल दोरीची.
जाग आली, काळोखात काहीतरी हललं,
माड असेल, मांजर असेल.
मी फुंकली.
आधी एखादी वाजली होती का,
की मागाहून वाजली,
इतक्या वर्षांत मला सांगता आलेलं नाही.

त्याने पावतीची घडी केली, वरच्या खिशात ठेवली.
लंगडत पायऱ्या उतरला.
मी बाटलीवर नंबर चिकटवला.
फेस तसाच होता.