कमरेएवढं पाणी

दापोली कॅम्पातल्या मोडक्या चर्चला लागून मी टोपली मांडते.
छप्पर गेलं, घंटा गेली,
भिंतीत एक संगमरवरी पाटी राहिली.
केळसकर मास्तर सुरमई घ्यायला आले
तेव्हा म्हटलं, एकदा वाचून दाखवा,
तुकडे करायचे पैसे नकोत.

मास्तर चष्मा पुसून वाचत गेले.
एन्साइन, कॅप्टन, कर्नल,
तीन लढायांची नावं, त्यांनाही नीट न उच्चारलेली,
मग जनरल,
मग कुठल्याशा लांबच्या बेटाचा गव्हर्नर.
सर हॅरल्ड विंटरबोर्न.

आमच्या घरात त्याला इंदरबन म्हणतात.

मास्तर बघतच राहिले.
अहो, मी मासे विकते,
मला माणूसही वजनातच कळतो.
आणि ह्या माणसाचं वजन
आमच्या घरात तोंडपाठ आहे.

हर्णैला तेव्हा धक्का नव्हता.
गलबत सुवर्णदुर्गाच्या आडोशाला उभं राही,
साहेबलोक होडीतून उथळात येत,
तिथून कोळ्याच्या खांद्यावर.
हशा चोगल्याच्या खांद्यावर पहिल्यांदा आला
तेव्हा तो एकोणीस वर्षांचा,
ओकून ओकून पिवळा पडलेला,
हशाचे दोन्ही कान लगामासारखे धरलेले.
वजन दोन पाट्या बांगडा, मिठासकट.
एक बूट चिखलात राहिला.
पुढे कित्येक वर्षं आमची कोंबडी त्यात अंडी घालायची.

दुसऱ्यांदा आला तो कॅप्टन होऊन.
तलवारीची मूठ हशाच्या बरगडीत.
घाटावरचं एक गाव जाळून आलाय,
खलाशी हळू आवाजात सांगत होते.
वजन तेवढंच असावं.
पण हशा म्हणायचा,
त्या दिवशी पायाखालची वाळू जास्त सरकली.

तिसऱ्यांदा तो आला नाही, निघाला.
तीन महिन्यांची मुलगी ह्या कॅम्पात पुरून
आसूदचा उतार पायी उतरला.
हशा सवयीनं पाठ करून वाकला.
साहेबानं खांद्यावर नुसता हात ठेवला
आणि बुटांसकट पाण्यात शिरला.
"पाणी किती?"
तेवढंच मराठी त्याला येत होतं, तेही हशानंच शिकवलेलं.
"कमरेएवढं."
दोघं होडीपर्यंत चालत गेले.
त्या दिवसाचं वजन आमच्यात कुणी सांगत नाही.

मास्तर म्हणाले, म्हणजे माणूस चांगला होता म्हणायचा.
मी असं कुठं म्हटलं?
जळलेल्या गावात
नव्हत्या काय मुली, तीन महिन्यांच्या?

शेवटी आला तो गव्हर्नरकी संपवून,
आगबोटीनं, विलायतेला जाता जाता.
ह्या वेळी वेताची खुर्ची, चार माणसं.
पुढच्या डाव्या पायाला हशाचा पोर, पोशा.
छातीवर पदकं, पोट सुटलेलं.
पोशा सांगायचा, गाभण मुशी उचलावी तसं वजन.
किनाऱ्यावर म्हातारा हशा जाळं सांधत बसला होता.
साहेबानं त्याच्याकडे पाहिलं की नाही
ह्यावर घरात अजून भांडण आहे.
थोरली पाती म्हणते, पाहिलं, आणि ओठही हलले.
धाकटी म्हणते, वारा होता.
खुर्चीचे आठ आणे मिळाले, चौघांत मिळून.

मास्तरांनी पाटी पुन्हा वरपासून खाली वाचली.
म्हणाले, ह्यात पाण्याचं काही नाही.
नसणारच.
सुरमई सव्वा किलो भरली, सव्वाचेच पैसे घेतले.

आणि मास्तर,
मागे गवतात एक लहानसा दगड आहे,
हातभरसुद्धा नाही.
त्यावर नाव काय आहे तेवढं वाचा कधीतरी.
सोमवारी या.
सोमवारी तुम्ही लोक मासे खात नाही,
मला गवत काढायला वेळ असतो.