रेघ

गाडी हरवत नसते, नाना म्हणायचे.
शिरसोली सुटली आणि म्हसावदला पोचली नाही
म्हणजे ती शिरसोली-म्हसावदच्या मधे आहे. बस.
डबा घसरला असेल, म्हैस आडवी आली असेल,
पण रूळ सोडून जाऊन जाऊन जाईल किती?
बाभळीपर्यंत.
एकतीस वर्षं भुसावळच्या कंट्रोलमध्ये
कानाला हेडफोन, हातात पेन्सिल,
आडवे तास, उभी स्टेशनं,
आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ.

म्हणून लीनाचं विमान रडारवरून गेलं
त्या रात्री त्यांनी पहिलं विचारलं,
मागचं स्टेशन कुठलं? पुढचं कुठलं?
फोनवरची बाई चांगली होती.
थोडं थांबून म्हणाली, सर, समुद्र आहे.

कपाटावरून नानांनी जुन्या चार्टांची सुरळी काढली,
एकाची कोरी बाजू वर केली,
तांबडी पेन्सिल चाकूने तासली.
उड्डाण एक बारा. शेवटचा शब्द दोन चाळीस.
मधली रेघ इतकी सरळ
की त्यांचा हात तेव्हा कापत होता हे कुणाला पटणार नाही.
मग कागद.
नुसता कागद.

रोज अकराला फोन यायचा.
मी इंग्रजीत ऐकायचे, नानांना मराठीत सांगायचे.
तीन देशांची जहाजं आहेत.
शोधायची जागा आज आपल्या जळगाव जिल्ह्याएवढी,
परवा धुळं, नंदुरबार धरून,
पुढे मी जिल्हे मोजायचं सोडलं.
तेलाचा तवंग दिसला, तो मासेमारीच्या बोटीचा निघाला.
पांढरं काही तरंगत होतं, ते थर्माकोल.
एका शब्दापाशी मात्र मी अडले.
मोडतोड म्हणू? भंगार? अवशेष?
सामान, मी म्हणाले, सामान अजून मिळालं नाही.
नानांनी लिहिलं: सामान नाही.

लोक यायचे. चहा नको म्हणायचे आणि प्यायचे.
वरणगावचे मामा हळूच भरपाईचं विचारून गेले.

मे महिना. नळ आमच्याकडे दहाव्या दिवशी येतो.
आई पहाटे तीनला उठून भरते,
टाकी, पिंप, हंडे, पातेली,
लीनाची शाळेतली वॉटरबॅगसुद्धा.
त्या दिवशी तिने पिंपात हात घातला
कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला.
पाणी काठावरून अंगणात, अंगणातून गटारीत.
भिंतीपलीकडून बोंडेकाकू ओरडल्या,
पानी वाया चाल्लं ना वं!
तिले पोहता येते, आई म्हणाली,
पिंपालाच.
हतनूरले शिकली. मीच बोलली होती तिले तेव्हा.

विमानाच्या पेटीत बॅटरी असते,
पाण्याखाली ती महिनाभर टिकटिक करते,
हे मी सांगायला नको होतं.
नाना रात्री उठून बसायचे,
उजवा कान किंचित वर.
यार्डात शंटिंग चालू असलं
की हात हलवून त्याला गप्प करायचे.

एकोणचाळिसाव्या दिवशी बाई म्हणाली, शोध स्थगित.
स्थगित म्हणजे रद्द?
नाही नाना.
मग उशिरा?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ते चष्मा पुसत राहिले बराच वेळ.
म्हणाले, उघडी रेघ टाकून ड्यूटीवरून उठता येत नाही.
पुढच्या माणसाला दाखवायची, समजावायची,
आणि त्याची सही घ्यायची.

मग कागद माझ्याकडे सरकवला.
हे एक बारा. हे दोन चाळीस.
इथून पुढे तू.

मी वेळ टाकली, सही केली.
लग्नाला चौदा वर्षं झालीत,
हात फालक लिहून गेला.