दुधाची साखर

नंदुरबारच्या पथारीवर
दिवसभर मिरचीचे देठ खुडून
सुपडाबाई, माझी आई,
संध्याकाळी हात ताकात बुडवून बसते.
मग कॅप्सूल यंत्रात घालते, फिरवते,
खर्र वाजेपर्यंत ओढते.

‘हाई दवाई गोड कशी लागस व?’

शिरपूरला चार वर्षं शिकले ते
खाटेवर बसून सांगते मी:
औषध इतकं बारीक, माय,
की एकटं उडत नाही,
आपसातच गोळा होऊन बसतं.
म्हणून त्याला दुधाच्या साखरेच्या
जाड कणाच्या पाठीवर चढवतात.
घट्ट चिकटलं तर उतरत नाही,
सैल बसलं तर वाटेतच सांडतं.
तू श्वास ओढतेस, त्या हिसक्यात ते सुटतं,
खाली छातीत जातं.
साखर घशावर आपटून तिथेच राहते.
ती गोड लागते तुला.

आणि कणाला खाचाखोचा असतात.
त्यांत आधी साखरेचीच पिठी भरतात,
औषध खोल रुतून बसू नये म्हणून.

‘म्हंजे चांगली जागा फुकट्यासनी धरी लिधी.’

हसता हसता तिला खोकला लागतो.

गुळण्या करून ती मोरीत थुंकते,
जरा वेळ तिकडेच बघत राहते.
‘दूधच व्हतं ना ते,’ म्हणते.

लुगड्याच्या पदरावर लाल धूळ आहे.
तिला कुणाची पाठ लागत नाही,
आपली आपण खोल जाते.

उद्या सहाला टेम्पो येईल.
यंत्राच्या झाकणावर
तिच्या अंगठ्याचा तांबडा ठसा.
मी पुसते. पुन्हा उमटतो.