अर्थिंग

वहीत नोंदी आहेत, वारासकट.
बुधवार, अकरा दहा: पडदा निळा, मग काळा.
बुधवार, पुन्हा, बारा पाच.
गुरुवार: चि. सौ. कां. एवढं लिहिलं
आणि कां.च्या पुढं मुलगीच नाही.
शुक्रवारी तीनदा. तिसऱ्या खेपेला वेळ लिहिली नाही,
शिवी लिहिली, आणि नंतर खोडली,
कारण वही ह्यांची, दुधाच्या हिशेबाची,
मागची चाळीस पानं कोरी म्हणून घेतलेली.

वडगावात आमच्या बोळातल्या लग्नपत्रिका
माझ्याकडंच येतात.
पुढं मराठी, पाठीवर कन्नड.
नवऱ्याची आजी एक बाजू वाचते, मामा दुसरी,
आणि कुणाचंही आडनाव चुकलं
तर मांडवात सापडते मी.

नागेंद्र चौगुले आला, कपाळावर बॅटरी बांधून.
डब्याची बाजू उघडली.
पंख्यात मागावरचा कचरा, थरावर थर:
वर जांभळा, शेजारी दिवाळीला विणत होते तो,
खाली मोरपंखी,
सगळ्यांत खाली पिवळा, कुठल्या सणाचा आठवेना.
रॅम काढली, खोडरबरानं घासली,
फुंकर मारून परत बसवली.
"कन्नड फॉन्ट जड व्हायलाय काकू, काढून टाका की."
काढला.
शनिवारी अकरा वीसला गेला.

मग शहापुराहून गुरुसिद्ध.
त्यानं एसएमपीएस बदलला, नऊशे घेतले,
विंडोज नवी टाकली,
कन्नड फॉन्ट जागेवर आणला
आणि चप्पल घालता घालता म्हणाला,
"मराठी फॉन्ट सरी इल्ल, अक्का."
दोघांनाही मी चहा दिला.
साखर तेवढीच.

रविवारी दोनदा. सोमवारी दिवसभर चालला.
मला वाटलं, नऊशे लागू पडले.
मंगळवारी अकरा पाचला वही उघडली
तेव्हा दिसलं:
सोमवारखाली काहीच नाही.
मागल्या सोमवारखालीही नाही.
भरलेल्या ओळी रोज वाचत होते,
रिकाम्या कधी वाचल्याच नव्हत्या.

सोमवारी शेजारचे माग बंद असतात.

भिंतीला हात लावून उभी राहिले.
पलीकडं खटका पडला, एक, मग चारही,
आमच्या ट्यूबनं पापणी मिटून उघडली,
आणि आत कुणीतरी हातातलं काम खाली ठेवावं
तसा कॉम्प्युटर गप्प.

दानव्वाला सांगितलं. वाटलं, भांडेल.
ती पदर खोचून सरळ परसात गेली,
न्हाणीमागची फुटकी शहाबादी उचलली.
खाली लोखंडी पट्टी, भोवती भेगाळलेली माती,
मिठाचा खडासुद्धा उरला नव्हता.
"एष्ट वर्ष आतु नीर हाकि?"
किती वर्षं झाली पाणी घालून.

हे घालायचे. उन्हाळ्यात, आंघोळीच्या आधी,
एक घागर. कधी विचारलं नाही कशाला.
मी बोटं मोजली, दानव्वानंही मोजली असावीत.
सहा उन्हाळे.
ती काही बोलली नाही,
घरातून कोळसा आणि मीठ घेऊन आली.

पहिली घागर कुठं गेली कळलं नाही.
दुसरीला खालून सुस्कारा आला.
तिसरीला खड्ड्यानं एक बुडबुडा सोडला
आणि पाणी वर थांबलं.

दुपारी कां.च्या पुढं मुलगी आली, रेवती.
पाठीवरही तीच, गोल अक्षरांत.
माग चारही चालू होते.
आता रोज सकाळी घागर ओतते,
नागेंद्र म्हणतो रोज नको, आठवड्यानं पुरे.
पुरत असेल.

परवा एकदा गेला. रात्री,
माग बंद, सगळा बोळ झोपलेला.
वही काढली, दहा चाळीस लिहिलं,
आणि कारणापुढं
जागा सोडली.